तिसऱ्या अंकातला खर्ज

दुपारी दीड वाजता कुजबुजकाकांनी उशी थोपटली, चष्मा घडी करून खिडकीत ठेवला, पाय लांब केले आणि दारावरची बेल वाजली. या आठवड्यातली ही तिसरी दुपार. आतल्या खोलीतून काकू म्हणाल्या, "तुमचेच असतील." काकांनाही त्यात शंका नव्हती. त्यांच्याकडे हल्ली येणारी माणसे एकाच कामासाठी येत आणि नेमकी याच वेळी येत, कारण त्यांच्यापैकी कुणालाही दुपारी झोपायची सवय नव्हती.

कुजबुजकाका हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी ते एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड, स्टुलावर बसायचे, समोर नाटकाची वही धरायची आणि एखाद्या नटाची गाडी अडली की त्याला पुढचे वाक्य दबक्या आवाजात पुरवायचे. पहाटे चारपासून दुपारपर्यंत टपाल कचेरीत पत्रे निवडायची आणि तिथून तडक चारच्या प्रयोगाला विंगेत हजर व्हायचे, असा त्यांचा बारा वर्षांचा क्रम होता. नटांनी ठेवलेले नाव पुढे शेजाऱ्यांनी उचलले आणि आता तर दूधवाल्याच्या बिलावरही तेच असते.

त्या कंपनीचे एक संगीत नाटक अफाट गाजले होते. नाटकाचे नाव पाच शब्दांचे होते आणि त्यातले दोन शब्द कुणालाच धड उच्चारता येत नसत, म्हणून सगळे त्याला नुसते 'ते नाटक' म्हणत. आता ते पुन्हा रंगमंचावर आले होते आणि आणले होते काकांच्या मुलीने. लहानपणी विंगेत बापाच्या पायाशी बसून तिने ते पाठ केले होते. तीन वर्षे ती त्याच्यामागे खपत होती. पहिला प्रयोग गेल्या रविवारी झाला आणि शहरातल्या रसिक मंडळात उभी फूट पडली.

ती फूट आता काकांच्या दारात चपला काढत होती. एका बाजूला मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी जुने नाटक त्रेचाळीस वेळा पाहिले होते आणि हा आकडा ते स्वतःच्या वयाआधी सांगत. दुसऱ्या बाजूला दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या नव्याच्या बाजूने होत्या. जुने नाटक चालू होते तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता आणि अध्यक्ष हे त्यांना दर दहा मिनिटांनी ऐकवत.

"काका, तुम्हीच सांगा," डॉक्टरीणबाई खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. "पाच तासांचं नाटक तिनं अडीच तासांत बसवलं, तर बिघडलं काय?"

"साडेपाच तासांचं," अध्यक्ष म्हणाले. "आणि गाणी सत्तावीस. आता चौदा. तेरा गाण्यांचा खून झालाय, आणि ह्या विचारतात बिघडलं काय."

"दुसऱ्या अंकात लोक घरी जाऊन जेवून यायचे म्हणे."

"यायचे ना. आणि परत येऊन बसले तरी नायकाचं तेच गाणं चालू असायचं. त्याला गाणं म्हणतात."

"आणि सोळा वर्षांच्या मुलीचं काम बावन्न वर्षांच्या बाई करायच्या."

"करायच्या. पण पहिली तान घेतली की त्या सोळाच्या व्हायच्या."

"आणि उरलेले पाच तास?"

काका मान हलवत होते. दोघांनाही वाटत होते की ते आपल्याला दुजोरा देताहेत. खरे म्हणजे त्यांना पेंग येत होती.

"ते सगळं मी पोटात घालीन," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांचा आवाज खाली आला. "पण तिसऱ्या अंकातली जागा? तिचं काय? आपण ज्याला वैरी म्हणून हाकललं तो आपला सख्खा भाऊ, हे नायकाला कळतं. तो बोलत नाही. गात नाही. नुसता उभा राहतो. मोजून आठ श्वास. सबंध नाट्यगृह गोठून जायचं. आणि मग गाणं. परवा ह्या पोरानं तीन श्वासांत तोंड उघडलं. बस पकडायची होती का त्याला? काका, वही काढा. वहीत काय लिहिलंय ते बघू."

काकांनी कपाटातून जुनी वही काढली. तिसऱ्या अंकातल्या त्या पानावर काहीही लिहिलेले नव्हते. पानाच्या मधोमध वाटीएवढा गोल, तेलकट डाग मात्र होता.

अध्यक्षांनी वही नाकाजवळ नेली आणि डोळे मिटले. "दिव्याचं तेल," ते म्हणाले. "त्या काळची माणसं दिव्याखाली बसून तालमी करायची."

ते डोक्याला लावायचे तेल होते. कपाळ टेकून टेकून पडलेला तो डाग होता आणि ते कपाळ काकांचे होते.

झाले होते ते असे. एका प्रयोगात नायकाला त्या जागी गाण्याची पहिली ओळच आठवेना. त्याने आशेने विंगेकडे पाहिले. विंगेत कुजबुजकाका पहाटेपासूनची पत्रे निवडून वहीवर डोके टेकवून गाढ झोपले होते. नायक काय करणार, उभा राहिला. आठ श्वासांनी ओळ आठवली, त्याने जिवाच्या आकांताने सूर लावला, काका दचकून जागे झाले आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या शांततेवर अर्धा रकाना आला. नायक काकांना एवढेच म्हणाला, "ती जागा आता तशीच ठेवायची. तुम्हाला तिथे काही काम नाही, तुम्ही जरा पाठ टेका." त्यानंतर प्रत्येक प्रयोगात त्या जागी काका नेमाने झोपले आणि गाणे सुरू झाले की उठले. नायक पुढे वारला. काकांनी ही गोष्ट कुणाला, अगदी काकूंनाही, सांगितली नव्हती. त्यांना तिची लाज वाटे.

"आठ श्वास ठेवायला सांगतो तिला," काका म्हणाले. वाटले, एवढ्यावर सुटलो.

"नुसत्या आठ श्वासांनी काय होतंय," अध्यक्ष म्हणाले. "खालून खर्ज लागायचा, तो कुठाय?"

"कसला खर्ज?"

"काका, तुम्ही विंगेत होतात. त्या शांततेत ऑर्गनवाला अगदी खालचा सूर धरायचा. जमिनीतून आल्यासारखा. तो सूर होता म्हणून ती शांतता होती. तो नसेल तर ते नाटक नाही, आणि ते नाटक नसेल तर मंडळ आपल्या आठ तारखा त्याला कशाला देईल? एक जादूगार त्याच तारखांसाठी रोज फोन करतोय मला."

काकांची पेंग उडाली. नाट्यगृहाच्या पुढच्या आठ रविवारच्या तारखा मंडळाच्या हातात होत्या आणि मंडळ अध्यक्षांच्या हातात होते. येत्या रविवारी ते प्रयोग पुन्हा पाहणार होते. त्यांनी मान हलवली तर मुलीचे नाटक उभे राहणार होते, नाहीतर तीन वर्षांचा सगळा पसारा गोदामात जाऊन तिथे टोपीतून ससे निघणार होते. खर्ज मात्र काकांना काही केल्या आठवत नव्हता. तो ऐकू येण्याच्या वेळी ते झोपलेले असत.

गुरुवारी दुपारी दीडला अध्यक्ष जुना टेपरेकॉर्डर घेऊन आले. पहिल्या रांगेत बसून त्यांनी स्वतः एक प्रयोग भरून ठेवला होता. बरोबर डॉक्टरीणबाई होत्या, काकांची मुलगी होती आणि नव्या नाटकाचा ऑर्गनवाला होता. कालपासून अध्यक्षांनी त्याच्याकडून एकूण एक सूर वाजवून घेतला होता आणि प्रत्येकाला "हा नव्हे" म्हटले होते.

"साहेब, तो सूर माझ्याकडे नाहीच," तो थकून म्हणाला. "तुम्ही गाऊन दाखवता तो दोन पट्ट्यांच्या मधे येतो. तिथे नुसतं लाकूड आहे."

अध्यक्षांनी बटण दाबले. खरखर झाली, नायकाचे शेवटचे वाक्य आले आणि मग शांतता. त्या शांततेच्या तळाशी काहीतरी हलले. खोल, भरदार, किंचित थरथरणारा एक सूर हळूहळू चढला, क्षणभर टांगून राहिला आणि सुस्कारा टाकत खाली उतरला. मग पुन्हा चढला. अध्यक्षांनी डोळे मिटले होते. ऑर्गनवाला पुढे सरकून ऐकू लागला.

"हे मात्र मानलं," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "अंगावर काटा आला."

तेवढ्यात आतल्या खोलीतून काकूंचा झोपाळू, जड आवाज आला. "अहो, कूस बदला."

अध्यक्षांच्या कपाळावर आठी पडली. "वहिनी काही म्हणाल्या का?"

"झोपेत बोलते ती," काका म्हणाले.

अध्यक्षांनी फीत मागे घेऊन पुन्हा लावली. सूर पुन्हा चढला, टांगून राहिला. "कूस बदला म्हणते ना," आतून आवाज आला, आणि पाठोपाठ रिकाम्या गादीवर हात आपटल्याचा. मुलीने बापाकडे पाहिले. तिचे कान लाल झाले होते. तिने पदरात तोंड लपवले असते, पण तिने पँट-शर्ट घातला होता, म्हणून तिने खिडकीबाहेर पाहिले. अध्यक्षांनी तिसऱ्यांदा बटण दाबले तेव्हा यंत्राने करकर करत फीत गिळली आणि ओढून काढली तर तिचा नुसता गुंता हातात आला. अध्यक्ष बराच वेळ तो गुंता ओंजळीत धरून बसले. मग उठले. जाताना म्हणाले, "रविवारी हा सूर लागला पाहिजे. मी स्वतः ऑर्गनशेजारी बसून ऐकणार आहे."

सगळे गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, ते तुम्ही आहात."

"कळलं मला."

"माइक कुठे होता तेव्हा?"

"माझ्या स्टुलाच्या वर टांगलेला. ऑर्गन माझ्या मागेच असायचा ना, त्याच्यासाठी." काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. "म्हणजे इतकी वर्षं सबंध नाट्यगृह तिकीट काढून माझं घोरणं ऐकत होतं. मी जातो आणि अध्यक्षांना सांगून टाकतो सगळं."

"नका सांगू," ती म्हणाली. तिचे हसू गेले होते. "त्यांनी त्रेचाळीस वेळा ऐकलंय ते. रडलेत त्यावर. हे कळलं तर तुम्हाला काही बोलायचे नाहीत, पण माझं नाटक त्यांना पुन्हा बघवणार नाही. तुम्ही एक करा. आज झोपा. मी मोबाइल उशाशी ठेवते आणि भरून घेते. रविवारी मागून वाजवू."

आयुष्यभर काकांनी झोपेसाठी कधी कष्ट घेतले नव्हते. बसमध्ये, बँकेत, साडूच्या लग्नात, कुठेही त्यांना झोप लागे. पण आपण घोरतो म्हणजे काय करतो, हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर झोप गेली ती गेलीच. डोळा लागायला आला की कान टवकारत, आता सूर निघेल, आणि ते टक्क जागे होत. शुक्रवारी भरले ते पंख्याचे घरघरणे आणि काकांचे सुस्कारे. शनिवारी मुलीने भरपेट जेवू घालून पडदे ओढून घेतले. त्या दिवशी मोबाइलमध्ये काकांचा आवाज आला, पण तो "किती वाजले?" एवढाच.

"पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा घरात शांतता आहे," काकू डोळे चोळत म्हणाल्या, "आणि आता मलाच झोप येत नाही."

रविवारी शेवटचा उपाय म्हणून मुलीने विंगेत तेच जुने स्टूल ठेवले, मागे खांबाला उशी बांधली आणि वर माइक टांगला. "अभिनय नका करू," ती बापाला म्हणाली. "खोटं घोरलेलं त्यांना लगेच कळेल. नुसते बसा. जमलं तर झोपा." तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. काकांना वाटले, या पोरीसाठी आपण बारा वर्षे पत्रे निवडली, वह्या धरल्या, आणि आज तिला काय हवे तर फक्त झोप, तीही आपल्याकडे नाही. त्यांना स्वतःचा फार राग आला. रागाने उरलीसुरली पेंगही गेली.

खाली ऑर्गनशेजारी अध्यक्षांसाठी एक खुर्ची टाकली होती. ती राजाच्या दरबारातली, नव्या छोट्या नाटकात लागत नसलेली, मऊ गादीची होती. अध्यक्ष सकाळपासून दगदगीत होते. मंडळाच्या सभेत ते खर्जावर दीड तास बोलले होते, मग सभेचे जेवण झाले होते आणि तिथून ते थेट आले होते. त्यांच्या पाठीमागे पहिल्याच रांगेत काकू आणि डॉक्टरीणबाई बसल्या होत्या.

नाटक सुरू झाले. काका स्टुलावर डोळे मिटून बसले आणि थोड्याच वेळात उघडून बसले. नाइलाजाने त्यांनी नाटक पाहिले. बारा वर्षे त्यांनी हे नाटक वहीतून पाहिले होते, ओळीवर बोट ठेवून. माणसे हालताना, हसताना, एकमेकांकडे पाहताना त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. पोरीने ज्या तेरा गाण्यांना कात्री लावली होती त्यातले एकही त्यांना आठवले नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ते वाक्यांआधीच ओठ हलवू लागले होते आणि त्यांना चांगले वाटत होते. चांगले वाटण्याने झोप येत नाही, हे लक्षात आल्यावर ते धास्तावले.

तिसरा अंक. नायकाला कळले. तो पोरगा थांबला आणि या वेळी खरोखरच थांबला. एक श्वास. दोन. काकांनी डोके उशीला टेकले, डोळे गच्च मिटले. काही नाही. तीन. मुलगी समोरच्या विंगेत उभी होती, तिने दोन्ही मुठी तोंडाशी धरल्या होत्या. आता खोटे का होईना, घोरायचेच, असे ठरवून काकांनी तोंड उघडले.

आणि सूर लागला.

खोल, भरदार, किंचित थरथरणारा. चढला, टांगून राहिला, सुस्कारा टाकत उतरला. काकांनी आधी स्वतःचा गळा चाचपला. मग वाकून खाली पाहिले. ऑर्गनवाल्याचे दोन्ही हात मांडीवर होते आणि तो तोंड वासून शेजारी बघत होता. शेजारच्या राजखुर्चीत अध्यक्ष मान मागे टाकून गाढ झोपले होते आणि ऑर्गनचा माइक त्यांच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर होता. सबंध नाट्यगृह श्वास रोखून ऐकत होते. सहा. सात. सूर काही थांबेना. आता हे गाण्यातही चालू राहणार, असे काकांना वाटले, तोच आठव्या श्वासाला अंधारातून एक हात पुढे आला. त्या हातात कार्यक्रमपत्रिकेची गुंडाळी होती. काकूंनी ती पंचेचाळीस वर्षांच्या सरावाने अध्यक्षांच्या बरगडीत नेमकी खुपसली.

सूर थांबला. पोरग्याने गाणे सुरू केले.

काकांच्या डोळ्यांत पाणी आले. हे गाणे त्यांनी शेकडो वेळा ऐकले होते, पण ते गजरासारखे, दचकून. ते एवढे सुंदर आहे हे त्यांना माहीतच नव्हते. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा अध्यक्ष गडबडून उठले, इकडेतिकडे पाहिले आणि सर्वांच्या आधी उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्यांच्या चेहऱ्यावरचे ते भाव काकांनी ओळखले. चाळीस वर्षांपूर्वी याच जागी ते भाव त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असत.

प्रयोग संपल्यावर अध्यक्ष रंगमंचावर आले. सगळे त्यांना भेटून सांगत होते, "अध्यक्ष, खर्ज लागला." डॉक्टरीणबाईंनी तर हात जोडले. "जुन्यात काय होतं ते आज कळलं मला," त्या म्हणाल्या.

"मी शेजारी बसून ऐकलाय," अध्यक्ष म्हणाले. "अगदी तोच सूर. पोरी, आठही तारखा तुझ्या. जादूगाराला मी कळवतो."

"पण तुम्हाला दर रविवारी ऑर्गनशेजारी बसावं लागेल," मुलगी म्हणाली. "तुमच्यावाचून तो सूर लागायचा नाही."

"बसेन ना. कोणीतरी लक्ष ठेवायलाच हवं."

"सभा आणि जेवणही रविवारीच ठेवा."

अध्यक्षांना हे का ते कळले नाही, पण त्यांनी मान डोलावली. काकूंची पहिल्या रांगेतली जागा मुलीने मनातल्या मनात तिथेच पक्की केली.

दिवे एकेक करून मालवायला लागले. लोक दाराकडे निघाले, तेव्हा रिकाम्या रंगमंचाकडून, सगळ्या भोंग्यांतून, एक आवाज आला. खोल, भरदार, किंचित थरथरणारा. चढला, टांगून राहिला, सुस्कारा टाकत उतरला. अध्यक्ष दारात थांबले. त्यांनी कान दिला, दोन श्वास ऐकले आणि तोंड वाकडे केले.

"ऑर्गन बिघडलाय तुमचा," ते म्हणाले. "आपोआप घरघरतोय. पुढच्या रविवारच्या आत दुरुस्त करून घ्या. असल्या आवाजानं खर्जाचा पार विचका होईल."

"घेते करून," मुलगी म्हणाली.

ती विंगेत गेली. स्टुलावर, मांडीवरच्या वहीत कपाळ टेकवून कुजबुजकाका झोपले होते. तिने वरचा माइक बंद केला, खांबाची उशी सोडवून हळूच त्यांच्या डोक्याखाली सरकवली आणि सामान हलवणाऱ्यांना सांगितले की हे एक स्टूल सोडून बाकीचे आधी न्या.